बिननावाची बारीक पट्टी

सोमवार, ६

दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला आज अठरा मिनिटं लागली. घड्याळ लावून बसले होते, दुसरं काय करणार. आतून टकटक आवाज येतो, मधेच थांबतो, पुन्हा येतो. शेजारच्या चष्मेवाल्याने दारातूनच निदान केलं. "वहिनी, हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. नवी आणा आणि जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घ्या. सोपं असतं." या माणसाला सगळंच सोपं असतं, चष्मे सोडून.

पण या वेळी त्याचं म्हणणं खरं असावं. आमचं दुकान कोरीवकामाचं. दारावरच्या पाट्या, बक्षिसाच्या ढाली, चषकावरची नावं. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची आणि शेजारचं यंत्र ती पितळेत कोरतं. ज्या कंपनीने हा प्रोग्रॅम बनवला ती बंद पडून दहा वर्षं झाली. म्हणजे तो आहे तो याच कॉम्प्युटरवर, गेला तर गेला. आणि त्यातली अक्षरं बाजारातली नाहीत. ह्यांनी तीन वर्षं रोज संध्याकाळी बसून एकेक अक्षर स्वतः काढलंय. उजव्या हाताने. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तो हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागी राहतो.

वाचाही गेली. एकच शब्द उरला, 'मंगळवार'. चहा हवा का? मंगळवार. दुखतंय का? मंगळवार. रागातही मंगळवार आणि लाडातही मंगळवार. पहिले पंधरा दिवस मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. आता म्हणते, "बरं, बुधवारी देते." ह्यांना हसू येतं. निदान मला तसं वाटतं.

रुग्णालयाच्या नव्या इमारतीसाठी साठ पाट्यांचं काम आलंय. जुन्या इमारतीत ह्यांच्याच अक्षरातल्या पाट्या आहेत, नवीनही तशाच हव्यात. महिनाअखेरीची मुदत आहे. मुलगा म्हणतो, आई, आता दुकान काढून टाकू. मी म्हटलं, हे काम करून दाखवते, मग बोल. ह्यांचीच तर इच्छा आहे दुकान चालू राहावं अशी. दुसरी काय असणार?

मंगळवार, ७

आज मोठा पराक्रम केला. कॉम्प्युटरची पेटी उघडली, स्क्रू बशीत काढून ठेवले आणि नवी डिस्क जुनीशेजारी जोडली. चष्मेवाल्याने त्याच्याकडचा उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम घालून दिला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पळाला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं बघत होते.

पडद्यावर जुनी डिस्क आडव्या पट्ट्यांमध्ये दिसते. एक लांबलचक पट्टी, तिच्यात आपलं सगळं सामान. तिच्या डावीकडे एक अगदी बारीक पट्टी. तिला ना नाव, ना तिच्यात उघडून बघण्यासारखं काही. जागा म्हणाल तर शंभर एमबी, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस फोटो मावतील. प्रत्येक पट्टीखाली टिक करायला चौकोन. मी मोठीला टिक केली आणि बारीक सोडून दिली. घर बदलताना कोनाड्यातली रद्दी कोण उचलून नेतं?

नेमके तेव्हाच हे "मंगळवार, मंगळवार" करत उठायला लागले. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जवळ आणून चिमूट दाखवली, अगदी माझ्या नाकासमोर. रक्तदाबाची ती बारकी गोळी मागत होते. तिला अजून तासभर अवकाश होता, पण इतकं मागतायत तर म्हटलं देऊ. गोळी तळहातावर घेऊन एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत बसले. शेवटी मीच ती तोंडात घातली आणि पाणी पाजलं. नंतर भिंतीकडे तोंड करून बसले. सहा तासांनी पडद्यावर आलं, काम यशस्वी. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बुधवार, ८

जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी लावली आणि बटण दाबलं. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. सापडली नाही म्हणजे काय? काल सहा तास तिचीच तर पाठवणी चालली होती. चारदा बंद केलं, चारदा सुरू केलं. तीच ओळ.

मग गपगुमान जुनी परत लावली. तिने पाच मिनिटं टकटक केली, निळा पडदा दाखवला आणि मान टाकली. कालच्या सहा तासांच्या ओढाताणीत उरलीसुरली शक्ती गेली असणार. आगीतून फुफाट्यात ते हेच. इथे खरं ते लिहिते: मला दरदरून घाम फुटला. साठ पाट्या सोडा, ह्यांच्या तीन वर्षांच्या संध्याकाळी मी माझ्या हाताने घालवल्या की काय?

ह्यांना सांगायचं धाडस झालं नाही. "जरा वेळ लागतोय" म्हटलं. ह्यांनी पुन्हा चिमूट दाखवली. गोळी झाली हो सकाळीच, मी ओरडले. ओरडायला नको होतं.

शुक्रवार, १०

दोन दिवस चष्मेवाला आणि मी मिळून सगळे उपाय केले. केबल बदलली. डिस्क दुसऱ्या खाचेत लावली. सुरू होताना एक बटण दाबून ठेवलं की एक यादी येते, त्यात मशीनने आधी कोणती डिस्क बघावी ते ठरवता येतं. तिथेही नवीला पहिला नंबर दिला. मशीन डिस्क ओळखतं, तिचं नावसुद्धा दाखवतं आणि मग पुन्हा तीच ओळ. चष्मेवाला आता सोपं असतं म्हणत नाही.

ह्यांचं चिमटीचं वेड मात्र वाढलंय. चहाच्या वेळी दाखवली, मला वाटलं कमी हवा, अर्धाच कप दिला. दुपारी दाखवली, तेव्हा बिस्किटाचे बारीक तुकडे करून दिले. मग रेडिओचा आवाज कमी केला. मग त्यांच्या बनियनच्या गळ्याशी शिवलेली कंपनीची चिठ्ठी टोचत असेल म्हणून कापून टाकली. शेवटी ह्यांनी बिस्किटाची बशी ढकलून दिली. चाळीस वर्षांत या माणसाने कधी भांडं आपटलं नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येतात. त्यांनी एक वही करून दिलीय. रोजचं निरीक्षण लिहायचं, काय मागितलं, कसं मागितलं, कळलं का. आज लिहिलं: 'दिवसभर बोटांची चाळवाचाळव. अर्थ नाही. चिडचिड वाढली.' लिहिताना पेन जड झालं होतं. पण खोटं कसं लिहू?

शनिवार, ११

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. भला माणूस आहे, पण त्याच्याकडे चाळीस मशीनं रांगेत आणि सगळ्या रोगांवर औषध एकच. नवी डिस्क त्याने आपल्या लॅपटॉपला लावून दाखवली. सगळं दिसत होतं! प्रोग्रॅमचा फोल्डर, अक्षरांच्या फायली, पंचवीस वर्षांचे चषक. जीव भांड्यात पडला. पण मशीनमध्ये लावली की सुरू होत नाही ती नाहीच. तो म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारू आणि सगळं नव्याने घालू. फायली आधी काढून ठेवतो." मी म्हटलं, आणि कोरायचा प्रोग्रॅम? तो नव्याने घालताना कंपनीकडून मंजुरी लागते आणि कंपनी तर बंद. त्याने मान हलवली. म्हणजे अक्षरं राहतील, पण ती कोरता येणार नाहीत.

जाताना ह्यांनी त्याचा शर्ट धरला आणि चिमूट दाखवली. त्याला वाटलं काकांना छोटा स्क्रू हवाय. बिचाऱ्याने खिशातून काढून एक हातावर ठेवला. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

गुरुवारी तो फॉरमॅट करायला येणार आहे.

सोमवार, १३

मुलगा आला, सोबत कागद घेऊन. दुकान ह्यांच्या नावावर आहे. जागा मालकाला परत द्यायची तर ह्यांची सही हवी, ती तर होत नाही. म्हणून डॉक्टरांचा दाखला लागेल की यांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत. मग आपण दोघं सही करू शकतो. गुरुवारी दुपारची वेळही घेऊन ठेवलीय त्याने.

मी खूप बोलले. तू मोकळा, तुझं काय जातं, तुला पितळेचा वाससुद्धा आवडायचा नाही. तो ऐकत राहिला. मग निरीक्षणाची वही उघडून माझ्यापुढे धरली. "आई, हे तूच लिहिलंयस ना? बोटांची चाळवाचाळव, अर्थ नाही. सलग चार दिवस. मी नाही म्हणत, तू म्हणतेस." त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर मला आणखी रागावता आलं नाही.

दाखल्यासोबत घरच्यांनी भरायचा कागद असतो. त्यात एक प्रश्न होता, रुग्णाच्या खाणाखुणांमध्ये अर्थ जाणवतो का? हो किंवा नाही. हे समोरच बसले होते आणि चिमूट तशीच होती. मी 'नाही'वर खूण केली आणि सही केली.

मला कुठेतरी वाटतं की मी हे करायला नको होतं. आणि मला असंही वाटतं की मुलाचं बरोबर आहे, मीच इतके महिने एका रिकाम्या खोलीशी गप्पा मारतेय. दोन्ही एकदम वाटतं. दुकानात काम असलं की यातलं काहीच वाटत नाही, म्हणून उद्या लवकर जाईन.

बुधवार, १५

अक्षर वाईट आलं तर आलं, आत्ताच लिहायला हवं.

उद्या फॉरमॅट होणार, म्हणून आज अक्षरांच्या फायलींची आणखी एक प्रत काढायला बसले. दुरुस्तीवाल्यावर विश्वास आहे, पण आपण डोळ्यांत तेल घालावं. चष्मेवाल्याचा लॅपटॉप घेतला आणि दोन्ही डिस्का बाहेरून जोडल्या. जुनी टकटक करत होती पण दिसत होती. फायली उतरल्या. मग काय वाटलं कोण जाणे, तो उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला. कुठे चुकलं ते तरी बघावं म्हणून. वर जुनी डिस्क, बारीक पट्टी आणि लांब पट्टी. खाली नवी, तिच्यात फक्त लांब पट्टी आणि पुढे मोकळी जागा.

ह्यांची खुर्ची मी शेजारी ओढून घेतली होती, नाहीतर सारखं उठायला बघतात. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि ती चिमूट पडद्यावर टेकवली. अंगठा बारीक पट्टीच्या एका कडेला, बोट दुसऱ्या कडेला. ती पट्टी चिमटीत बरोब्बर बसत होती. मग चिमूट तशीच खाली आणली आणि नव्या डिस्कच्या मोकळ्या जागेवर टेकवली. मग पुन्हा वर. पुन्हा खाली. माझ्याकडे बघितलं.

मी त्या पट्टीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "ही राहिली? ही छोटी? मंगळवारपासून हेच सांगताय?"

ह्यांनी कपाळ टेबलावर टेकवलं आणि खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. हसत होते. मग रडतही होते. मी तर दोन्ही करत होते.

गोळी. अर्धा कप चहा. बिस्किटाचे तुकडे. रेडिओ. बनियनची चिठ्ठी. नऊ दिवस हा माणूस मला एकच गोष्ट सांगत होता, न थकता, आणि मी वहीत लिहीत होते अर्थ नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण माझ्या काखेतला कळसा तर ओरडून सांगत होता की मी इथे आहे. मी ह्यांचे पाय धरले. ह्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, जोरात. मारायलाच हवी होती.

टिक मी करणार होते, पण ह्यांनी माऊस ओढून घेतला. डाव्या हाताने, जन्मात पहिल्यांदा. बाण पडद्यावर सैरावैरा पळत होता. चौकोनावर यायला सात-आठ मिनिटं लागली असतील. मी हात मागे बांधून बसले. टिक झाली. ती पट्टी उतरायला मात्र मिनिटसुद्धा लागलं नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन करून सगळं सांगितलं. तो समोरची कामं टाकून आला. पट्टी बघून म्हणाला, "काकू, मशीन सुरू होताना आधी हिलाच शोधतं. बाकीचं सामान कुठे आहे ते हीच सांगते. हे मी शनिवारीच बघायला हवं होतं." नवी डिस्क मशीनमध्ये लावून त्याने आपल्या पेन ड्राइव्हवरून दोन ओळी टाइप केल्या, त्या पट्टीला मोठीचा नवा पत्ता कळवायला. बटण दाबलं. वीस सेकंदांत ओळखीचा पडदा आणि कोपऱ्यात कोरायच्या प्रोग्रॅमचं चित्र. मग त्याने ह्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुम्ही मला सांगितलं होतं. मी तुम्हाला स्क्रू दिला."

संध्याकाळी पहिली पाटी कोरली, 'क्ष-किरण विभाग'. ह्यांनी बोटाने क्ष चाचपून बघितला.

मुलाला फोन केला. तो कागद परत आण, मी खोटं लिहिलंय. तो म्हणाला, आई, एखादा योगायोग असेल. मी म्हटलं, नऊ दिवसांचा?

गुरुवार, १६

डॉक्टरांकडे गेलो, वेळ होतीच. दाखला हवा होता तोच, फक्त उलटा. डॉक्टरबाईंनी सवयीने मला विचारायला सुरुवात केली. यांना काय होतं, यांना कळतं का. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. वेळ लागेल, पण त्यांनाच विचारा."

त्यांनी 'हो' आणि 'नाही' असे दोन कागद ह्यांच्या पुढ्यात ठेवले आणि बारा प्रश्न विचारले. दगड पाण्यावर तरंगतो का, दुपार सकाळनंतर येते का, असले. अकरा बरोबर आले. बारावा होता, तुमच्या पत्नीचं वय साठच्या वर आहे का? ह्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं. डॉक्टरबाईंनी चूक लिहिलं. मी ते बरोबर धरते.

त्यांनी समजावून सांगितलं की वाचा जाणं वेगळं आणि समज जाणं वेगळं. मी सही केलेला कागद त्यांनी मला परत दिला. बाहेर बाकावर मुलगा ह्यांच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "बाबा, मी तुमच्यासमोर तुमच्याबद्दल काय काय बोललो. तुम्ही सगळं ऐकत होतात?" ह्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. घरी पोचेपर्यंत तो गाडी चालवताना नाक ओढत होता.

मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही.

शुक्रवार, १७

सकाळपासून अकरा पाट्या झाल्या. यंत्र सुरळीत आहे. मी खुशीत होते. म्हटलं, आता रीतसर विचारून टाकू, म्हणजे मुलाच्या तोंडावर उत्तर फेकता येईल.

दुकानांच्या दारावर लावायच्या दोन पाट्या कपाटात होत्या, एक 'चालू', एक 'बंद'. दोन्ही ह्यांच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, या साठ पाट्या झाल्या की आपलं दुकान?

ह्यांनी 'बंद'वर हात ठेवला.

मला वाटलं, डावा हात अजून सरावला नाही, शेजारच्या पाटीवर पडला असेल. पाट्यांची अदलाबदल केली. पुन्हा विचारलं. पुन्हा 'बंद'. मग तासाभराने, चहा झाल्यावर, सहज आठवल्यासारखं करून विचारलं. ह्यांनी 'बंद' उचलून माझ्या हातातच दिली.

मी चिडले. "मग नऊ दिवस माझा जीव का काढलात?" ह्यांनी माऊस घेतला. आज बाण कमी पळाला. अक्षरांचा फोल्डर उघडला आणि एकेक अक्षर पडद्यावर येऊ दिलं, अ पासून. मी बघत राहिले. सगळी पाहून झाल्यावर ह्यांनी फोल्डर मिटला, कॉम्प्युटर रीतसर बंद केला आणि खुर्चीत मागे टेकले. काम झाल्यासारखे. अक्षरं वाचवायची होती, दुकान नाही. दुकान मी धरून ठेवलं होतं. सकाळी नऊ वाजता घराला कुलूप लावून इथे यायचं, ह्यांना कोपऱ्यात बसवायचं आणि सहापर्यंत त्या खुर्चीकडे पाठ करून काम करायचं, हे कुणाला हवं होतं ते आज कळलं. ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्यांची बाजू मांडत होते.

मुलाचा फोन आला, काय म्हणाले बाबा? काल दाखला मिळाल्यापासून तोच म्हणायला लागलाय की दुकान राहू दे. खोटं सांगणं एकदम सोपं होतं. ह्यांना ते खोडून काढता आलं नसतं. हे समोर बसून माझ्याकडे बघत होते.

मी सांगितलं, बंद म्हणाले. साठ पाट्या झाल्या की बंद.

मला अजून पटलेलं नाही. घरी बसून दिवसभर एकमेकांकडे बघत आम्ही काय करणार, देव जाणे. पण विचारलं मीच होतं.